‘दम’ आणि ‘खो’ : पुणे विद्यापीठाच्या देशी खेळांतील शब्दांचा इतिहास

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना अधिनियम, अभ्यासमंडळे, कुलगुरूंच्या कारकिर्दी आणि परीक्षांचे निकाल ही साधने आपण सहजच हाताशी घेतो. क्रीडाविभागाच्या कपाटातील नियमपुस्तिका, गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे यांकडे मात्र इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. भाषेच्या अभ्यासकाचे तर त्याहूनही क्वचित. वस्तुतः विद्यापीठाच्या आवारात मराठी बोली, संस्कृत घडणीची परिभाषा आणि इंग्रजी यांचा जितका उघड व्यवहार मैदानावर घडतो, तितका तो वर्गातही घडत नाही. शिवाय हुतूतू आणि खो-खो या दोन देशी खेळांत शब्दोच्चार हा निव्वळ वर्णनाचा भाग नसून प्रत्यक्ष नियमाचा भाग आहे. एकात दम घेऊन शब्द म्हणत राहावे लागते. दुसऱ्यात शब्द उच्चारल्यावाचून गडी जागचा उठू शकत नाही. हे दोन उच्चार विद्यापीठीय क्रीडाव्यवस्थेत आल्यावर त्यांचे काय झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्यासाठी पुणे विद्यापीठाचे, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे, आणि विशेषतः पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याचे उदाहरण समोर ठेवले आहे.

प्रथम ज्या शब्दाच्या छत्राखाली महाविद्यालयीन खेळ नांदतात, तो ‘जिमखाना’ हा शब्द घेऊ. महाविद्यालयात प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी ‘जिमखाना फी’ भरतो, पण तो शब्द कोणत्या भाषेचा हे विचारले असता बहुतेकांना सांगता येत नाही. फारसी घडणीच्या ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडूघर, या शब्दाच्या पूर्वार्धाच्या जागी इंग्रजीतील व्यायामवाचक शब्दाचा तुकडा बसवून तो अँग्लो-इंडियन मंडळींनी बनविला, अशी उपपत्ती ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात दिलेली आहे, आणि १८६१ साली रुडकी येथे तो वापरात आल्याचा उल्लेखही तेथे सापडतो. अशा या संकरित शब्दाचे पुढे जे झाले ते अधिक लक्षणीय आहे. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. बडोद्यात हिंद विजय जिमखाना उभा राहिला. आणि याच दोन संस्थांनी खो-खो व हुतूतू या खेळांचे पहिले लेखी नियम सिद्ध केले. साहेबाच्या करमणुकीसाठी बनलेला शब्द देशी खेळांचे घर झाला.

याच्या शेजारी ‘तालीम’ हा शब्द ठेवून पाहावा. मूळ अरबीत त्याचा अर्थ शिकवण, अध्यापन असा आहे. मराठीत तो आखाड्याला लागला, आणि पुण्या-कोल्हापुरात पेठेपेठेची तालीम ही शाळेइतकीच ठाम संस्था झाली. शिक्षणाचा वाचक शब्द ज्या भाषेने कुस्तीच्या हौद्याला दिला, त्याच भाषेच्या प्रदेशात विद्यापीठीय शिक्षण आणि शरीराचे शिक्षण यांची खाती वेगळी पडावीत, यात थोडा विनोद आहे. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कुस्तीतील कांस्यपदक, खाशाबांनी आणले. हा मल्ल तालमीतून आला होता. महाविद्यालयाने त्याला नाव दिले आणि एका प्राचार्याने भाडे दिले. आज पुणे विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाला खाशाबांचेच नाव आहे. असो.

विद्यापीठाची चौकट येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आरंभी पश्चिम महाराष्ट्रातील १२ जिल्हे होते. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले आणि दक्षिणेकडील भाग गेला. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले आणि खानदेश गेला. उरले पुणे, नगर आणि नाशिक हे तीन जिल्हे. म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याचे मल्ल आणि खानदेशचे गडी एका विद्यापीठाच्या संघात येण्याची शक्यता प्रशासकीय रेषांनी दोनदा कमी केली. त्याच काळात त्या सर्व भागांतील माणसे पोटापाण्यासाठी पुण्याच्या वायव्येस, पिंपरीच्या माळावर जमा होत होती, हे मात्र रेषा आखणाऱ्यांच्या हातचे नव्हते. त्याकडे पुढे वळू.

स्पर्धांचे सोपान सर्वांना परिचित आहेत. महाविद्यालयांचे आपापसांतील सामने, नंतर विभागांचे, त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड आणि मग इतर विद्यापीठांशी गाठ. या सोपानांची नावे ‘आंतरमहाविद्यालयीन’, ‘आंतरविभागीय’, ‘आंतरविद्यापीठ’ अशी आहेत, आणि सूचनाफलकांवर ती निम्म्या वेळा ‘अंतर’ अशी लिहिली जातात. ‘अंतर्गत’ म्हणजे आतले आणि ‘आंतर’ म्हणजे परस्परांमधले हा भेद संस्कृतावरून मराठीने मुद्दाम राखला आहे. फलक लिहिणाऱ्याने तो सोडला की एका महाविद्यालयाच्या अंगणातली स्पर्धा आणि साऱ्या विद्यापीठाची स्पर्धा यांत कागदावर तरी फरक उरत नाही. शुद्धलेखनाचा आग्रह धरण्याचे हे स्थळ नव्हे, पण प्रमाणपत्रावर नोकरी अवलंबून असणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक केवळ व्याकरणाचा नाही.

मैदानी स्पर्धांच्या बाबतीत मराठी परिभाषेने उत्तम काम केले, हे नमूद केले पाहिजे. गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक, लांब उडी, उंच उडी, तिहेरी उडी हे शब्द खेड्यातील शाळेपासून विद्यापीठापर्यंत सारखेच चालतात. वस्तूचे नाव आणि क्रियेचे नाव जोडून केलेली ही साधी घडण कोणासही शिकवावी लागत नाही. ‘बांबू उडी’तील बांबू जाऊन कृत्रिम तंतूंचा दांडा आला, तरी शब्द अढळ आहे. उलट क्रिकेटच्या बाबतीत ‘चेंडूफळी’ मैदानावर रुजली नाही. नेहरूनगर येथील मेजर ध्यानचंद हॉकी मैदानावर, जेथे डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय वरिष्ठ स्पर्धा झाली, कान दिला तर हॉकीची भाषा जवळजवळ सगळी इंग्रजीच ऐकू येईल. ‘कर्णधार’ हा शब्द मात्र साऱ्या खेळांनी आनंदाने घेतला. त्याचा मूळ अर्थ सुकाणू धरणारा. त्या अर्थाने खरेखुरे कर्णधार पुण्यात एकाच ठिकाणी शोधावे लागतील : अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या १९२८ साली स्थापन झालेल्या बोट क्लबात.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

खो-खोचे नियम डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. हुतूतूच्या नियमांना बडोद्यास १९२३ साली निश्चित रूप मिळाले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली खो-खो व आट्यापाट्या यांची सुधारित नियमावली प्रसिद्ध केली, आणि त्याच सुमारास बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ निघू लागला, ज्याचे पुढे दहा खंड झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. या सर्व उद्योगाचे भाषिक फळ असे की, गावोगाव वेगळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या खेळांना एक लेखी मराठी मिळाली. ही मराठी दोन थरांची होती. खेळांच्या प्रकारांना नावे देताना नियमकर्त्यांनी पुराणाकडे आणि संस्कृताकडे धाव घेतली : बाद झालेला गडी पुन्हा उठतो ती ‘संजीवनी’, उठत नाही ती ‘गामिनी’, आणि बाद होऊनही मैदान सोडीत नाही तो ‘अमर’. मैदानावरच्या प्रत्यक्ष हालचालींना मात्र गावचेच शब्द राहिले : चढाई, पकड, दम, डाव, पाटी, लोण, गडी.

यांतील दोन शब्दांपाशी थोडे थांबण्यासारखे आहे. चढाई करणाऱ्याने जी रेषा ओलांडल्याशिवाय परतू नये तिला मराठीत ‘निदानरेषा’ म्हणतात. ‘निदान’ म्हणजे ‘कमीत कमी’. निदान येथपर्यंत तरी ये, असे ती रेषा सांगते. इंग्रजी नियमपुस्तकात याच रेषेला दिलेले ‘बॉक लाइन’ हे नाव बिलियर्डच्या टेबलावर आधीपासून वावरणारे आहे. त्यातून कबड्डीच्या मैदानावर ती रेषा काय काम करते याचा काहीच बोध होत नाही. मराठी शब्दाने रेषेचा हेतू सांगितला, इंग्रजीने केवळ तिला बोट दाखविले.

दुसरा शब्द ‘लोण’. समोरचा सगळा संघ बाद केला म्हणजे लोण होतो आणि त्याचे दोन गुण अधिक मिळतात. हा शब्द आट्यापाट्यांतही आहे. तेथे शेवटच्या पाटीपलीकडे जाऊन लोण घेऊन परतणे हीच खेळाची परिणती. माझ्या मते ‘लोण पोचणे’, ‘लोण पसरणे’ या रूढ वाक्प्रचारांचे मूळ येथेच शोधले पाहिजे. संपाचे लोण पिंपरीहून चाकणपर्यंत पोचले, असे वर्तमानपत्र लिहिते तेव्हा पाट्या ओलांडीत जाणाऱ्या गड्याचे चित्र त्यामागे असते, जरी लिहिणाऱ्याने आट्यापाट्या कधी पाहिल्या नसल्या तरी. खेळाची नियमावली इंग्रजीत गेली तेव्हा या शब्दाला प्रतिशब्द मिळाला नाही, म्हणून तो तसाच रोमन लिपीत घेतला गेला, आणि शेवटी एक स्वर चिकटला. त्या लिखाणावरून हिंदी समालोचकांनी तो ‘लोना’ असा वाचला. आता पिंपरीच्या मुलाच्या तोंडीही क्वचित ‘लोना’ ऐकू येतो. आपलाच शब्द परदेशी वेष करून घरी परत यावा आणि घरच्यांनी त्याला ओळखू नये, असा हा प्रकार आहे.

खेळाच्या मूळ नावाचे भाग्य याहून वेगळे ठरले. महाराष्ट्रात तो हुतूतू, बंगालात हाडुडु, तमिळ प्रदेशात सडुगुडु, आंध्रात चेडुगुडु, आणि उत्तरेत कबड्डी. या सर्व नावांत एकच तत्त्व दिसते : खेळाचे नाव म्हणजेच दमात म्हणावयाचा घोष, आणि घोष म्हणजे एकाच ठशाच्या वर्णांची पुनरावृत्ती. उत्तरेचे नाव सोडले तर बाकीच्यांत ‘डु’ किंवा ‘तू’ हा उकारान्त वर्ण पुन्हा पुन्हा येतो. भिन्न भाषाकुळांतील लोकांनी एकाच खेळासाठी इतके सारखे ध्वनी वापरावेत, हे तौलनिक अभ्यासास योग्य असे उदाहरण आहे, आणि त्यावर अद्याप कोणी स्वतंत्र प्रबंध लिहावयास हवा.

१९५० साली खेळाची अखिल भारतीय संघटना झाली आणि तिने ‘कबड्डी’ हे नाव पुढे चालविले. १९६१ साली भारतीय विद्यापीठांच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने हा खेळ आंतरविद्यापीठ स्पर्धांत घेतला. पुढच्याच वर्षी शालेय स्पर्धांतही तो आला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले होते. म्हणजे मराठी भाषकांचे राज्य झाल्यानंतर अवघ्या वर्षभरात मराठी मुलुखातील विद्यापीठांच्या संघांना आपला घरचा खेळ दुसऱ्या नावाने, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या घोषाने, खेळणे प्राप्त झाले. नियम असा की मान्य घोष ‘कबड्डी’ हाच; तो स्पष्ट, सलग आणि एकाच श्वासात म्हटला पाहिजे; समोरच्यांच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वीच तो सुरू झाला पाहिजे. दुसरा कोणताही शब्द चालणार नाही. एखाद्या विद्यापीठीय नियमाने विद्यार्थ्याच्या तोंडातील अक्षरे ठरवावीत, याचे याहून शब्दशः उदाहरण मला ठाऊक नाही.

या बदलाबद्दल महाराष्ट्रात कुरबूर झाली नाही असे नाही, पण खेळाचे अध्वर्यू दूरदृष्टीचे होते. कबड्डीमहर्षी म्हणून गौरविलेले शंकरराव ऊर्फ बुवा साळवी आणि त्यांचे सहकारी यांनी नावापेक्षा खेळाचा प्रसार मोठा मानला, आणि त्यामुळेच १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिकाच्या रूपाने व १९९० च्या बीजिंग स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून कबड्डीला प्रवेश मिळाला. बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, आज महाराष्ट्रात कबड्डीदिन म्हणून पाळला जातो. हुतूतूदिन म्हणून नव्हे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचारावयाचा प्रश्न असा : घोष बदलल्याने केवळ नाव बदलले, की खेळही बदलला? ‘हुतूतू’तील ‘ह’ हा कंठातून श्वास मोकळा सोडणारा वर्ण. ‘त’ अघोष दंत्य. त्याचा स्पर्श क्षणभराचा. ‘ऊ’ म्हणताना ओठ गोल होतात आणि पुढच्या ‘तू’साठी ते तसेच राहतात. म्हणजे हा घोष एकदा सुरू झाला की ओठांची हालचाल जवळजवळ थांबते; जिभेचे टोक तेवढे दातांमागे चालू राहते. ‘कबड्डी’ची रचना निराळी. ‘क’ला कोमल तालूशी अडथळा, ‘ब’ला ओठ मिटणे, आणि ‘ड्ड’ला मूर्धन्य स्पर्श, तोही द्वित्त. अडथळा जितका दीर्घ तितका वेळ श्वास आत कोंडलेला राहतो. घोष वर्णांत तर ध्वनी चालू असूनही बाहेर जाणारी हवा अल्प असते. यावरून असे अनुमान निघते की तेवढ्याच वेळात ‘कबड्डी’ म्हणणाऱ्याची हवा कमी खर्च होत असावी. प्रयोगशाळेत हवेचा प्रवाह मोजून हे पडताळता येण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट पंचाची. ‘हुतूतू’ म्हणणारा चोरून श्वास घेतो की काय हे ओठांवरून कळत नाही. ‘कबड्डी’त प्रत्येक वेळी ‘ब’साठी ओठ मिटावे लागतात आणि पंचाला ते दुरूनही दिसतात. अर्थात नाव स्वीकारणाऱ्यांनी ध्वनिविचार केला होता असे मुळीच नाही. इतर प्रांतांना मान्य होईल असा शब्द त्यांना हवा होता. पण निवडलेला शब्द पंचाच्या सोयीचा निघाला, आणि हुतूतूच्या दमातली ती ओठाआडची लबाडी, जी गावच्या खेळाची निम्मी गंमत होती, नियमाच्या खेळातून नाहीशी झाली.

याच सुमारास पुण्याच्या वायव्येस मोठी घडामोड चालू होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६० नंतरच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने माळरान ताब्यात घेतले. आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी मिळून नगरपालिका झाली व १९८२ साली तिची महानगरपालिका. पुढे कारखाने इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात चाकणकडे सरकले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सातारा, सांगली अशा सर्व दिशांनी कामगार आला, आणि त्याची मुले पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय, आकुर्डीचे रामकृष्ण मोरे महाविद्यालय, भोसरीचे राजमाता जिजाऊ महाविद्यालय, राजगुरुनगरचे हुतात्मा राजगुरू महाविद्यालय अशा ठिकाणी शिकू लागली. ज्या जिल्ह्यांना विद्यापीठाच्या नकाशाने बाहेर काढले होते, त्यांच्या बोली अशा रीतीने कारखान्याच्या दाराने पुन्हा विद्यापीठात आल्या.

भोसरी हे कुस्ती आणि कबड्डीचे जुने गाव. कारखाने येण्यापूर्वीचे त्याचे क्रीडांगण म्हणजे जत्रेचा आखाडा आणि कापणीनंतरचे मोकळे शेत. अशा गावच्या मूळ रहिवाशाचा आणि परजिल्ह्यातून आलेल्या कामगाराचा मुलगा एकाच महाविद्यालयीन संघात आले की त्यांना एकमेकांचे बोलणे पाच मिनिटांत समजावे लागते. कोपऱ्यातून साखळी धरणारे दोघे ‘आता’ आणि ‘आत्ताच’ यांतील फरकावर चर्चा करीत बसू शकत नाहीत. वर्गात अशा मुलाची बोली सुधारली जाते. मैदानात ती कामास लागते, आणि उपयोगी ठरलेला शब्द साऱ्या संघाचा होतो. बोलींचे समतलन कसे घडते याचा अभ्यास करणाऱ्याने ग्रंथालयातून उठून संध्याकाळी साडेपाचला या महाविद्यालयांच्या मैदानांवर जावे, असे मला मनापासून वाटते.

या पट्ट्यात रूढ असलेला एक वाक्प्रयोग व्याकरणकाराने टिपण्याजोगा आहे. ‘तो युनिव्हर्सिटी खेळलाय’, ‘ती दोन वर्षे युनिव्हर्सिटी खेळली’ असे लोक म्हणतात. ‘खेळणे’ या क्रियापदाचे कर्म एरवी खेळ, डाव किंवा सामना असा असतो. येथे ते स्थान विद्यापीठानेच घेतले आहे. विद्यापीठाकडून नव्हे, विद्यापीठासाठी नव्हे. युनिव्हर्सिटी हाच खेळ. ‘शिकणे’ या क्रियापदाबरोबर असा प्रयोग कोणी करीत नाही. ‘तो युनिव्हर्सिटी शिकला’ हे अशुद्धच वाटेल. ज्या घरात विद्यापीठाची पायरी आजवर कोणी चढलेले नव्हते, तेथे विद्यापीठ पोचले ते पुष्कळदा पदवीपत्राआधी संघनिवडीच्या यादीतून, आणि भाषेने ते प्रामाणिकपणे नोंदविले. त्याच लोकांनी ‘कलर’ हा शब्दही जसाच्या तसा ठेवला. ‘कलर मिळाला’ याचे ‘रंग मिळाला’ असे भाषांतर कोणी केले नाही, कारण कोटाच्या खिशावरचे ते चिन्ह आणि त्यासोबतचे प्रमाणपत्र यांचे मोल रंगात मोजण्यासारखे नव्हते. शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. पोलीस भरतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना खेळाच्या प्रमाणपत्राची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही.

मैदानावरची पात्रता मोठी होती याला पुरावा आहे. २०२० साली भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांत पंजाब विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांना प्रत्येकी १७ सुवर्णपदके मिळाली. रौप्यपदकांच्या संख्येवर पंजाबचा पहिला आणि पुण्याचा दुसरा क्रमांक लागला.

परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत दमाचीच कथा संपत आली आहे. चढाईला आता ३० सेकंदांची मर्यादा आहे. २०१४ पासून दूरचित्रवाणीसाठी सुरू झालेल्या व्यावसायिक सामन्यांत पडद्यावर सेकंद उलटे मोजले जातात. ‘रेड’, ‘सुपर टॅकल’, ‘डू ऑर डाय’ आणि लोणाच्या जागी ‘ऑल आऊट’ हे शब्द प्रेक्षकांच्या तोंडी बसले आहेत. म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, जे १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारले गेले आणि पिंपरी-चिंचवडच्या वेशीलाच लागून आहे, तेथे हे सामने झाले. पुण्याच्या संघाने ‘पुणेरी पलटण’ हे चांगले जुने मराठी नाव घेतले, जरी ते हिंदी वळणाने ‘पलटन’ असे उच्चारले जात असले तरी. २०२४ साली हा संघ विजेताही झाला. या संघाच्या यशाचा आनंद मानून एवढेच म्हणावयाचे की, दिव्यांच्या आणि कर्ण्यांच्या त्या कल्लोळात चढाई करणाऱ्याचा घोष ऐकू येत नाही. नियमात तो आहे. पण चढाई संपते ती दम तुटल्याने नव्हे, घड्याळ संपल्याने. पूर्वी खेळाडूचे उरोभागाचे सामर्थ्य हेच कालमापन होते; उच्चार हाच सेकंद होता. १९६१ साली विद्यापीठाने मुलाच्या तोंडचा शब्द बदलला तेव्हा निदान शब्दाला महत्त्व होते. आज शब्द शिल्लक आहे आणि त्याचे काम गेले आहे. महाविद्यालयीन सामन्यांतील नवी मुले घोष पुटपुटतात. पंचही त्याकडे काणाडोळा करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांच्या हातात आता घड्याळ आहे.

खो-खोत असे घडलेले नाही. येथे पाठलाग करणारा बसलेल्या गड्याच्या पाठीमागे येतो, हाताने स्पर्श करतो आणि त्याच क्षणी मोठ्याने ‘खो’ म्हणतो. स्पर्श आणि उच्चार एकाच वेळी झाले पाहिजेत, आणि खो मिळाल्यावाचून बसलेल्याने उठता कामा नये. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती उच्चारणे हीच कृती असते. त्यांची उदाहरणे विवाहविधीची, पैजेची, जहाजाला नाव देण्याची आहेत. डेक्कन जिमखान्याच्या १९१४ च्या पाटीवर बसलेल्या आठ गड्यांना हा सिद्धान्त चाळीस वर्षे आधीच पाठ होता. ‘खो’ला अर्थ नाही, विभक्ती नाही, व्युत्पत्तीही समाधानकारक नाही, पण तो उच्चारताच एकाचे धावणे संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते. मराठीने त्यातून ‘खो देणे’ आणि ‘खो घालणे’ असे दोन प्रयोग काढले. पहिल्यात काम पुढच्याकडे जाते, दुसऱ्यात ते अडते. कार्यालयीन व्यवहारात हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर कसे नांदतात, हे वाचकांस सांगणे नलगे.

खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्यास झाली, म्हणजे महाराष्ट्राबाहेर. तेलुगू भाषकांनी शब्द बदलून मागितला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बालेवाडी येथेच या खेळाची व्यावसायिक स्पर्धा भरली, तेव्हा कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेल्या गड्यासाठी नवा शब्द हवा होता. आयोजकांनी बुद्धिबळाच्या पटावरून ‘वजीर’ उचलला. इंग्रजी समालोचनातही तो वजीरच राहिला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्रातील खेळाडूंकडे होते : महिलांचे प्रियंका इंगळे यांच्याकडे आणि पुरुषांचे प्रतीक वाईकर यांच्याकडे. महिलांनी नेपाळवर ७८-४० असा आणि पुरुषांनी नेपाळवरच ५४-३६ असा विजय मिळविला. निरनिराळ्या खंडांतून आलेल्या त्या संघांतील प्रत्येक बसलेला गडी, त्याची मातृभाषा कोणतीही असो, पाठीवर हात आणि कानावर ‘खो’ पडेपर्यंत उठत नव्हता.